दोन गाड्या, एक आवाज

तारीख विचारून लिहीन. मतदानाला अजून एक रविवार आडवा आहे, एवढं नक्की.

ती. बाबा,

नमस्कार. यापुढे दोन-तीन मोठे शब्द लिहायचे असतात, पण ते शिकवले त्या दिवशी मी बहुतेक खिडकीबाहेर बघत होते. घसा सांभाळताय ना? मी मजेत आहे. केस कापलेत, आत्याला सांगू नका.

फोन का केला नाही म्हणाल. फोनवर आपलं कधी जमलंच नाही. तुम्हाला भाषण सुचतं आणि माझी रेंज जाते.

सध्या मी सभांचे मंडप उभारणाऱ्यांकडे आहे. फाटक्या कनाती शिवते, ट्रकमध्ये त्यांच्याच गुंडाळ्यांवर बसून गावोगाव फिरते. सकाळी एका पक्षाची सभा, संध्याकाळी त्याच खांबांवर दुसऱ्याची, कापड तेवढं बदलायचं. मालक म्हणतो, खांबाला पक्ष नसतो म्हणून तो उभा राहतो. तुम्ही त्याच्याशी तासभर भांडला असतात. त्याचा एक कुत्रा आहे, तीन पायांचा, तरी सगळ्यांच्या पुढे पळतो, आणि ट्रक सुरू झाला की... जाऊ दे, कुत्र्यावर गेले तर पत्र तिथेच संपायचं.

तुम्ही पक्ष सोडून समोरच्यांकडे गेलात, हे आत्याने मागेच कळवलं होतं. मला खरं वाटलं नाही. समोरच्यांच्या रंगाचा टॉवेलसुद्धा तुम्ही कधी घरात येऊ दिला नाहीत. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी आईला मांडवात बसवून सभेला गेला होतात. आणि मला म्हणाला होतात, पक्षाला नावं ठेवणाऱ्याला या घरात जागा नाही. मी ताटावरून उठले, ती अजून उठलेलीच आहे.

तर परवा दुपारी मी चौकात कनात पसरून बसले होते. तोंडात दोरा. आणि मागून तुमचा आवाज आला. 'बंधूंनो आणि...' मग तो छोटासा थांबा, मग 'भगिनींनो'. सुई बोटात गेली, तेही नंतर कळलं. जिथे मला काळं कुत्रं ओळखत नाही, त्या गावात तुम्ही भोंग्यातून बोलत होतात. प्रचाराची गाडी आपल्या जुन्या पक्षाची होती आणि टेपही जुनी, आपल्या मधल्या खोलीत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून गोधड्या टांगून भरलेली. तुम्ही तिकडून उठलात तरी तुमचा आवाज तिकडेच राहिलाय, आणि कुणाच्या ते लक्षातही आलेलं नाही.

एवढ्यात समोरून समोरच्यांची गाडी आली. तिच्यावरही तुम्हीच. फळवाल्यापाशी दोन्ही गाड्या अडकल्या. ही मागे जाईना, ती पुढे येईना, आणि मधल्या मध्ये तुमचं तुमच्याशीच भांडण जुंपलं. इकडून त्यांना घरी बसवा, तिकडून यांना घरी बसवा. लोक पोट धरून हसले. फळवाला म्हणाला, हा बाबा मांजराच्या जातीचा, कुठूनही टाका, पायांवरच पडणार. मीही हसले. मग त्याच्याशी कडाकडा भांडले. मग त्यानेच मला पाणी दिलं.

जुन्या टेपच्या शेवटी काय आहे, आठवतं तुम्हाला? तुमचं 'भरघोस मतांनी विजयी करा' संपतं, जरा खरखर होते, आणि गोधड्यांच्या पलीकडून एक पोरगी विचारते, "बाबा, झालं का?" इतक्या वर्षांत ते कुणी कापलं नाही. तुम्ही त्यावर काहीतरी बोलला असाल, पण टेप तिथेच संपते. मी कनात तशीच टाकून त्या गाडीमागे गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत गेले. मालक ओरडला, ते वेगळं.

नवी टेप स्वच्छ आहे, स्टुडिओतली. मागे कसलाच आवाज नाही. पण तीत एक वाक्य आहे, जे मी आजवर कुठल्याच पक्षाच्या गाडीवर ऐकलं नव्हतं. 'जे घर सोडून लांब गेलेत, त्यांनी या वेळी घरी यावं.' ते म्हणताना तुमचा आवाज भाषणातला राहत नाही. दूध आणायला सांगावं तसा होतो.

मी आत्याला फोन लावला. तिने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. हे वाक्य तुम्हाला जुन्या टेपमध्ये घालायचं होतं. पक्षाच्या ऑफिसातल्यांनी ठाम नाही म्हटलं. बाहेर गेलेली मतं आपली नसतात, त्यांना बोलावून आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?

तुम्ही म्हणालात म्हणे, "त्यांत माझी पोरगी आहे."

ते म्हणाले, ती तर पहिली आपल्या विरोधात टाकेल.

"टाकू दे. पण येऊ दे."

आणि तुम्ही उठलात. समोरच्यांना हे वाक्य चाललं, उलट आवडलं. आपल्या फाटकापाशी रोज पेपर वाचायला जमणारी मंडळी आता रस्ता बदलून जातात, असंही आत्या म्हणाली. न्हावीकाका येतात, पण दाढी होईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. तुम्ही पाकीट घेतलं, असं गावभर झालंय, आणि तुम्ही खरं कारण कुणाला सांगत नाही. बाबा, निदान न्हावीकाकांना तरी सांगा. त्यांच्या हातात वस्तरा असतो.

मी येते असं लिहीत नाहीये. मालक मधेच सोडेल की नाही माहीत नाही, ट्रक उद्या उलट्या दिशेला जाणार आहे, आणि माझ्या पायाच्या भिंगरीचा भरवसा तुम्हाला नाही तसा मलाही नाही. फक्त कपडे धुऊन वाळत घातलेत. इथे ऊन कडक आहे, लगेच वाळतील.

आलेच तर मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही. जेवताना पक्षाचं नाव काढायचं नाही. मी काढलं तर चालेल. आणि मधल्या खोलीचं दार लोटलेलं असलं तर मी आत शिरणार नाही, बाहेर उभी राहून जुनंच विचारीन. त्याचं उत्तर तेवढं या वेळी टेपच्या बाहेर द्या.

बाबा, झालं का?

तुमची,
भिंगरी