केळीतली वाट

मी, खाली सही करणार, मंदाबाई जीवराम फेगडे, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय शेती, राहणार मोहखेडी, तालुका रावेर, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांचं मत तितकं चांगलं नाही, पण मृत्युपत्र करायला गुडघा लागत नाही.

वकील साहेबांनी मसुदा दिला होता. त्याची सुरुवात 'मानवी जीवन क्षणभंगुर असल्याने' अशी होती. ती मी खोडली. मला मरायची अजिबात घाई नाही, या थंडीत तोरणमाळला गाडीने जायचं पक्कं आहे. परंतु माझा मुलगा हितेंद्र याने आमच्या केळीच्या शेतातून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेची भेंडोळी आणून टाकली आहेत. मी जिवंत आहे तोवर तो खांब उभे करणार नाही, एवढी त्याला माझी भीती आहे. माझ्यामागे दुसऱ्याच दिवशी करील. म्हणून हा लेख.

१) माझे पती जीवराम बारा वर्षांपूर्वी वारले. मला मुलगा हितेंद्र, सून कामिनी आणि धुळ्याला दिलेली मुलगी सारिका एवढी माणसं आहेत. तिघांशीही माझं बरं आहे. या मृत्युपत्रात कोणाला कमी दिसलं तर ते रागाने दिलेलं नाही. अपवाद कलम चार.

२) ती वाट कोणती, ते स्पष्ट लिहिते. गट नंबर १४७ हे शेत जीवरामांनी माझ्या एकटीच्या नावावर खरेदी केलं. त्याच्या मधोमध, केळीच्या दोन ओळींची जागा खाऊन, गाडवाट जाते आणि पलीकडच्या नाल्यातून सातपुड्यात चढते. सरकारी नकाशात ती नाही. पण वरच्या पाड्यावरची माणसं आम्ही शेत घेण्याच्या आधीपासून तिथूनच बाजाराला उतरतात.

मी मोटारसायकल चालवायला याच वाटेवर शिकले. आमचे हे मागे पळत 'क्लच सोड! अगं, क्लच सोड!' म्हणून ओरडत होते. मी सोडला, आणि गाडीसकट केळीत शिरले. घड लागलेली झाडं आडवी झाली. दुसरा कोणी नवरा असता तर बोलला असता. हे हसून हसून बांधावर बसले, वर म्हणाले, "केळं खाऊन घे, आता पाडलीच हायेत त."

पहिला लांबचा प्रवास नणंदेकडे, शिरपूरला. डांबरी रस्ता सरळ होता. पण यांचं म्हणणं, डांबरावरून ट्रक जातात, आपण कशाला जायचं? मग यावल, चोपड्याच्या डोंगरातून, पायवाटा विचारत विचारत आम्ही गेलो. वाटेत नदी आडवी आली की मी उतरायचे, साडी खोचायची, काठी घेऊन पुढे पाण्यात जायचे आणि दगड चाचपायचे. पाण्यात आधी माणूस जातं, मग गाडी, हा आमचा नियम. नणंद भिकुबाईंनी आमचा अवतार पाहून दारातच कपाळाला हात लावला. "बठ्ठा रस्ता सोडीसन जंगलमाईन का बरं उनात?" म्हणजे, सगळा रस्ता सोडून जंगलातून का आलात? त्यांना सांगणार काय? मजा आली, एवढंच उत्तर होतं, आणि ते सासरच्या माणसांपुढे देता येत नाही.

त्यानंतर मेळघाट झालं, नर्मदेच्या पलीकडचं जंगल झालं, एकदा गाडी रेल्वेत टाकून हिमाचलात स्पितीला गेलो. तिथे नुसते दगड आणि वारा. मला तिथे फार रडू आलं, कारण इतकं सुख मला कोणी देईल असं लग्नात वाटलं नव्हतं. हे मी यांना बोलून दाखवलं होतं, ते बरं झालं.

३) सारिका हिला माझ्या पाटल्या, पोहेहार आणि बँकेतली ठेव. तिला गाडी द्यायचा प्रश्नच नाही. तिला एसटीसुद्धा लागते. पण ती हिशेबाला चोख आणि भावाला न भिणारी आहे, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

४) माझे चुलत दीर छगन आबा. माझ्या नवऱ्याच्या तेराव्यालाच त्यांनी मांडवात विचारलं, "फटफटी इकाले काढता का मंग?" पुढे मी एकटी गाडी काढू लागले तेव्हा मारुतीच्या पारावर बसून म्हणाले, "नवरा गेला आन् बाई हुंदडू राह्यली." ते मला त्याच दिवशी कळलं. गावात असं काही कळायला वेळ लागत नाही. छगन आबांना मी माझं जुनं हेल्मेट देत आहे. त्याची काच खाली केली की आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. पारावर बसताना वापरावं.

५) राहतं घर, सुकी नदीकाठचं शेत, ट्रॅक्टर आणि गुरं हितेंद्रला. तो कष्टाळू आहे, बापापेक्षा चांगली केळी काढतो. वाटेबद्दलही त्याचं म्हणणं खोटं नाही. रविवारी जळगाव-भुसावळकडून पोरं गाड्यांचे ताफे घेऊन येतात, घड तोडतात, वेफर्सची पाकिटं फेकतात, चाकांना चिकटून बागेत रोगराई येते. मी एकदा एका टोळक्याला अडवून सगळा कचरा उचलायला लावला. त्यातल्या एकाने "मावशी, व्हिडिओ काढू का?" म्हणून विचारलं, त्याला दोनदा उचलायला लावला. दांडगाई करणाऱ्याला हाकला, त्याला माझी ना नाही. पण त्यासाठी वाट बंद?

वर पाड्यावर पहिलं घर झुंबरबाईचं आहे. एका पावसाळ्यात आमच्या गाडीची साखळी तुटली, तर तिने आम्हा दोघांना चुलीजवळ निजवलं आणि स्वतः बकऱ्यांशेजारी निजली. ती डिंक आणि चिंच डोक्यावर घेऊन याच वाटेने बाजाराला उतरते. वाट बंद झाली तर तिला डांबरी रस्त्याने सगळ्या डोंगराला वळसा पडेल. हे हितेंद्रला सांगितलं तर म्हणतो, "आई, तिले मोबाईल हाये, गाडी बोलवीन ती." त्याने तिचे पाय पाहिलेले नाहीत. मी पाहिले आहेत.

६) माझी मोटारसायकल, खोल खाचांच्या टायरांची, पोट उंच असलेली, सून कामिनी हिला. माझ्या फोटोला हार घाला, गाडीला घालू नका, केबलमध्ये अडकतो. पान्यांचा डबा मेकॅनिक शालिग्राम याला द्यायचा होता. पण घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले आणि मला शालिग्रामची सही हवी आहे. म्हणून डबा त्याला आजच दिला, तो यात धरू नये.

कामिनीलाच का, याचं कारण. ती धरणगावची, कापूसवाल्यांच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या मागे बसून डोंगरात येते. सासू पुढे, सून मागे, गावाला फुकटची करमणूक. गेल्या थंडीत झुंबरबाईकडून परतताना दगडांच्या वळणावर माझा गुडघा अडकला आणि गाडी अंगावर आली. कामिनीने गाडी एकटीने उचलली, उभी केली आणि म्हणाली, "आई, तुम्ही मागे बसा."

"तुले चालवता येते?"

"येते."

"कवापासून?"

"तुम्ही दुपारी झोपता ना, तवापासून."

अशी बया! मी मागे बसले. उतारावर तिने ब्रेक दाबला नाही, गाडी गिअरवर सोडली आणि दगडांवरून हळूहळू उतरवली. आमचे हे असेच उतरवत. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा कोणाच्या मागे बसले होते. मी तिच्या पाठीवर डोकं टेकून रडले. इंजिनाच्या आवाजात तिला कळलं नसेल, आता हे वाचून कळेल. कामिनी, ते रडणं दुःखाचं नव्हतं बरं का.

७) आता वाट. वकिलांना मी आधी म्हटलं की शेत हितेंद्रला द्या आणि वाट उघडी ठेवायची अट घाला. ते म्हणाले, घालू, पण त्याने अट मोडली तर कोर्टात कोण जाणार? झुंबरबाईने डिंक विकून रावेरला तारखा करायच्या का? मग म्हटलं, वाटेपुरती पट्टी कामिनीच्या नावावर करा. तर तुकडेबंदीचा कायदा आडवा आला. एवढी चिंधी वेगळी पाडता येत नाही म्हणे. मी उठायला लागले. तेव्हा वकील चष्मा पुसत म्हणाले, "काकू, वाट एकटी देता येत नाही. ज्याला वाट द्यायची त्याला शेतच द्यावं लागेल."

मी पुन्हा बसले. दोन दिवस विचार केला.

सबब, गट नंबर १४७ हे संपूर्ण शेत, विहिरीसह, उभ्या केळीसह आणि मधल्या वाटेसह, मी माझी सून कामिनी हितेंद्र फेगडे हिला एकटीच्या मालकीने देत आहे. त्यावर हितेंद्र, सारिका किंवा अन्य कोणाचाही हक्क राहणार नाही.

हे माझ्या मागे उघडून मुलाला धक्का द्यावा, असा माझा स्वभाव नाही. काल सकाळी ओट्यावर दोघांना समोर बसवून मी हे कलम वाचून दाखवलं. कामिनीने पदर तोंडाला लावला. हितेंद्रने कागद माझ्या हातातून घेऊन कलम स्वतः पुन्हा वाचलं. त्याने तिथली केळी आपल्या हाताने वाढवली आहेत, त्याला लागलं असणारच. मग म्हणाला, "आई, म्हंजे उद्या मले त्या वावरात जायाचं अशीन, त मी कोनले इचारू?"

मी म्हटलं, "वाट उघडी हाये बाप्पा. कोनालेच इचारा लागत नई."

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे बदलावंसं वाटलं तर डोंगरातून परत आल्यावर बदलीन.

लिहून ठेवणार :
(सही) मंदाबाई जीवराम फेगडे

आमच्यासमक्ष मंदाबाईंनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली :
१) (सही) शालिग्राम वामन झोपे, मोटारसायकल दुरुस्ती, रावेर
२) (सही) डॉ. जितेंद्र राणे, रावेर

ठिकाण : मोहखेडी, ता. रावेर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५