सिद्धांतच्या केसबद्दल

तीर्थरूप बाबा,
दुबईहून आभाचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तनिषला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. आईचा गुडघा कसा आहे? फोन केला की तिथे घरात सिद्धांतही असतो, म्हणून नाशिकला निघालेल्या शोभनाताईंच्या हाती हे पत्र देतेय.

कारखान्याने युनियनची वर्गणी पगारातून सक्तीने कापू नये, म्हणून त्याने कोर्टात केस केली. त्याच कारखान्यात तुम्ही आयुष्यभर युनियन चालवलीत, तुम्हाला लागणारच. पण एका घरात राहून बापलेकांनी आईमार्फत बोलायचं, हे आता बंद करा.

इथे युनियन नाहीच. मध्यंतरी मॅनेजरने शनिवारीही ऑफिसला यायचं फर्मान काढलं. पँट्रीत सगळे म्हणाले, "आभा, तू बोल, हम तेरे पीछे हैं." मीटिंगमध्ये मी बोलले आणि वळून पाहिलं, तर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. बाकीच्यांना सूट मिळाली; बोलल्याची शिक्षा म्हणून आता माझा एकटीचा शनिवार ऑफिसात जातो. काळजी नको, नोकरी शाबूत आहे.

तेव्हा तुमची फार आठवण आली. मग वाटलं, या लोकांकडून सक्तीने वर्गणी घेतली असती, तर ते बोलले असते का? सिद्धांत हेच विचारतोय ना? मला उत्तर माहीत नाही.

तारखेला तुम्हीही कोर्टात जाणार, असं आई म्हणाली. जरूर जा, युनियनच्या बाजूलाच बसा. पण घरून जाताना सिद्धांतच्या स्कूटरवर मागे बसून जा. मागे कोणी नसलं की कसं वाटतं, ते मला विचारा.

तुमची,
आभा