दोन्ही कुप्या जांभळ्या

सोमवार, ४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश. दातांचा दवाखाना, दुसरा मजला, मोठ्या खिडक्या, आणि फरशी अशी की चपला हातात घेऊन चालावंसं वाटावं. माझं काम मागच्या खोलीत. लोकांच्या तोंडातून आलेली हत्यारं घासायची, धुवायची, पाकिटात बंद करायची आणि वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करायची. कोणाच्याही घरी गेले तरी मला आधी कपाची कड दिसते. दादा नेहमी चिडवतो की तुझ्या या खोडीला कोणी पगार द्यायला हवा. दिला एकदाचा.

हत्यारांचे सहा संच आहेत. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि संचाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. संच ज्या पेशंटला वापरला, त्याच्या फाइलमध्ये ती चिकटवायची. म्हणजे कोणाच्या तोंडात काय गेलं हे कधीही सांगता येतं. ही पद्धत मला फार आवडली.

डॉक्टरमॅडम मोजकं बोलतात. चहा उकळता, एका दमात पितात. घसा आहे की नळी, कोण जाणे. काउंटरवर मोठ्या ताई असतात, त्या मॅडमच्याही वाटचं बोलतात. इथे वीस वर्षं झाली, पण स्वतःचे दात दुसरीकडे दाखवतात. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, रोज तीच खुर्ची बघून कंटाळा येतो.

चिमणीला हे सगळं सांगितलं. सात वर्षांची माझी लेक, तिला एवढंच कळलं की आईला आता फुकट टूथब्रश मिळणार.

बुधवार, ६ मार्च
आज मशीनची परीक्षा घेतली. ही दर आठवड्याला असते. बोटाएवढ्या दोन कुप्या, जांभळं पाणी, आणि आत मुद्दाम ठेवलेले जिवंत जंतू. एक कुपी हत्यारांबरोबर मशीनमध्ये घालायची, दुसरी बाहेरच ठेवायची. मग दोन्ही एका उबेच्या पेटीत दिवसभर. जंतू जिवंत असले तर पाणी पिवळं होतं, मेले असले तर जांभळंच राहतं.

माझ्या आधीच्या बाईंचं रजिस्टर बघून जीव सुखावला. मोत्यासारखं अक्षर. तीन वर्षं, दर आठवड्याला एकच ओळ. ‘दोन्ही जांभळ्या. ठीक.’

गुरुवार, ७ मार्च
दोन्ही जांभळ्या. तशीच ओळ लिहिली. अक्षर त्यांच्याइतकं नाही, पण बरं आलं.

मंगळवार, १२ मार्च
एक काका आले होते, एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. बसता बसता म्हणाले की काल बायको गेली. बस उशिरा आली म्हणावं तसं. पुढच्याच वाक्यात विचारलं की आज दोन दाढा होतील का. मनात म्हटलं, किती सोसणारा माणूस. त्यांच्या ओठातून लाळ गळत होती, ती मात्र त्यांनी पुसली नाही.

त्यांना चार नंबरचा संच वापरला. तो धुताना डाव्या हाताच्या बोटात टोक घुसलं. जाड हातमोजे ओले होते म्हणून मी पातळ घातले होते. खरं तर लगेच मॅडमना सांगायचं, अपघाताच्या वहीत लिहायचं, रक्त तपासून घ्यायचं. पण नोकरीला आठ दिवस झालेत, वेंधळी म्हणून कशाला नाव काढा? बोट नळाखाली धरलं आणि गप्प बसले. रक्त बरंच आलं. दुखलं मात्र अजिबात नाही.

शुक्रवार, २२ मार्च
ते बोट बधिर झालंय, आणि आता शेजारचंही. आज तापलेल्या तव्याची कड धरली. किंचाळली चिमणी, मी नाही. फोड आला तेव्हा कळलं. तिला म्हटलं, बघ, तुझी आई आता चिमट्याशिवाय स्वयंपाक करणार. ती हसली नाही.

तिचा दुधाचा दात पडायला तयार नाही आणि मागून नवा डोकावतोय. मॅडमनी काढायला शनिवार, १३ एप्रिल दिला.

बुधवार, २७ मार्च
मशीन दुरुस्त करणारा आला होता. रजिस्टर चाळता चाळता आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याने मला समोर बसवून समजावलं. बाहेर ठेवलेली कुपी पिवळी व्हायलाच हवी. तिच्यातले जंतू मारलेलेच नाहीत. तीही जांभळी राहते म्हणजे पेटी गरमच होत नाही. म्हणजे परीक्षा झालेलीच नाही. तीन वर्षं.

आणि मी दोन्ही जांभळ्या बघून खूश होत होते, दोन्ही पोरं पास झाल्यासारखी.

पेटीच्या मागे पाहिलं. प्लग काढलेला. त्या जागी ताईंच्या विजेच्या चहाच्या किटलीचा प्लग. त्या दुपारी पेटीचा प्लग काढतात आणि आठवला तर परत लावतात. मी ती किटली रोज उचलत होते.

प्लग लावला. नव्या कुप्या ठेवल्या.

गुरुवार, २८ मार्च
दोन्ही पिवळ्या.

मशीन काही मारत नाही. नुसतं हत्यारं गरम करतं. दुरुस्तीवाल्याने फोनवर बजावलं की वापरू नका, सुटा भाग यायला महिना लागेल. कुप्या घेऊन मॅडमकडे गेले. उजव्या हातात धरल्या होत्या, डाव्यावर आता भरवसा नाही. मॅडमनी दोन्ही कुप्या उजेडात धरून निवांत पाहिल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पुढचा पेशंट घ्या.”

मग चहा प्यायल्या. कपातून वाफ येत होती.

शनिवार, ३० मार्च
फाइली काढून बसले. चार नंबरची चिठ्ठी कुठे कुठे लागली ते शोधलं.

मफलरवाले काका, त्यांना तो जानेवारीतही वापरलेला. त्यांच्यानंतर चिमणीच्या वर्गाच्या बाई. चिमणी सांगत होती की बाई हल्ली ओरडत नाहीत आणि हसतही नाहीत. एक मुलगी डोकं फुटून रडत होती, बाई फळ्यावर लिहीत राहिल्या. त्यांच्यानंतर बसचा ड्रायव्हर. त्याने पुढची तारीख मागता मागता मला सांगितलं होतं की सकाळी कुत्रं चाकाखाली आलं, थांबलो नाही. मला वाटलं, घाईत असेल.

सर्वांत जुनी चिठ्ठी मॅडमच्या स्वतःच्या फाइलमध्ये आहे. अक्कलदाढ. तीन वर्षांपूर्वी.

आधी कातडी बधिर होते, मग आतलं. माझं मनगटापर्यंत आलंय. मी घाबरलेय, फार घाबरलेय, आणि हे घाबरणं मला राहू द्यायचंय.

ताईंना सगळं सांगितलं. म्हटलं, मी काहीही बोलले तरी चिमणीला त्या खुर्चीत बसू देऊ नका. किटलीचं ऐकून त्या रडल्या. माझा डावा हात धरून बसल्या होत्या. धरलाय हे मला दिसत होतं.

घरी फ्रिजवर कागद लावला. ‘चिमणीला तिथे न्यायचं नाही.’ सोमवारी आरोग्य खात्याच्या ऑफिसात जाणार. फाइली पिशवीत भरल्यात.

सोमवार, १ एप्रिल
ऑफिसच्या वाटेवर बाक होता, बसले. माणसं येत जात होती. दुपारी उठून परत आले. जायला हवं होतं हे कळतंय. पण कळणं आणि वाटणं यांच्यातलं काहीतरी निघालंय.

खालचा ओठ. पाणी पिताना सांडतं.

शनिवार, ६ एप्रिल
चिमणी जिन्यावरून पडली. गुडघा फुटला. मी बटाटे सोलत होते. ऐकू आलं. उरलेले तीन सोलले, मग गेले. तोवर तिचं रडणं थांबलं होतं. माझ्याकडे बघत होती.

कशी ते पूर्वी लिहिलं असतं.

मंगळवार, ९ एप्रिल
ताईंनी चिमणीचं नाव खोडलं होतं. मी परत लिहिलं. वेळ दिलेली होती म्हणून. त्या म्हणाल्या, अगं तूच सांगितलं होतंस ना. म्हटलं, हो, सांगितलं होतं.

फाइली परत जागेवर लावल्या.

बुधवार, १० एप्रिल
ताई आल्या नाहीत. दोनदा फोन आला. आणू नकोस म्हणत होत्या. रडत होत्या बहुतेक. कालच्या कुप्या पाहिल्या. पिवळी, पिवळी. रजिस्टरात लिहिलं —
दोन्ही जांभळ्या. ठीक.
रकाना तसाच भरत आलाय.

शुक्रवार, १२ एप्रिल
फ्रिजवर कागद. अक्षर माझं. वाचला. दूध काढलं, दार लावलं.

शनिवार, १३ एप्रिल
अकरा वाजले. चिमणी खुर्चीत. पाय जमिनीला पोचत नाहीत.

पाकीट काढलं. चार नंबर. वरचंच होतं.

वही टेबलावर. उजव्या हाताने लिहितेय, डाव्यात पाकीट. मॅडमनी हात पुढे केलाय. घाई नाही त्यांना. मलाही —

चिमणी म्हणते, आई, तू का रडतेस?

म्हटलं, नाही गं. गालाला हात लावून पाहिला. ओला. माझाच गाल आहे, आणि मला —

काहीच वाटत नाहीये. द्यायचं म्हणून देतेय. पण डावा हात उघडत नाही. मॅडम ओढतायत. बोटं पांढरी पडलीत. मी सोड म्हणतेय त्याला, तो —

चिमणी, ऊठ. खाली उतर. कोणीतरी ओरडतंय, चिमणी, पळ — हा आवाज मा