गुलछडी मारुतीपाशी थांबते

पर्वत पाटिया, सुरत
रविवार, दुपार

प्रिय ज्योती,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. हातात फोन असताना नाना पत्र कशाला लिहितात, असं तुला वाटेल. पण फोनवर मी फार टिकत नाही हे तुला माहीत आहे. 'जेवलीस का' आणि 'ठेवतो', एवढ्यात आपलं बोलणं आटोपतं. शिवाय वर नाव काय लिहायचं, इथेच माझी अर्धी सकाळ गेली. तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा नातेवाइकांच्या पत्रिकांवर तुझ्या नावाआधी 'सौ.' यायचं. नंतर लोक जे लिहायला लागले ते मी माझ्या हातानं लिहिणार नाही. म्हणून सरळ 'प्रिय' लिहिलं. सासऱ्यानं सुनेला असं लिहायचं असतं का, हे ज्याला विचारायचं असेल त्यानं मला येऊन विचारावं. दिवाळीनंतर तुझ्या वडिलांचा फोन आला होता आणि मी बाबुरावांना 'विचार करून सांगतो' म्हणालो होतो. ते उत्तर राहिलंय. याच पत्रात देतो, पण आधी घोडीचं ऐक.

मी गुलछडी विकली तेव्हा तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. मी बरोबर केलं असं मला आजही वाटतं, पण तेव्हा कारण सांगायला तोंड उघडलं नाही. लिंबायतपासून कडोदऱ्यापर्यंत खान्देशी माणसाच्या घरी लग्न निघालं की नवरदेव आपल्या गुलछडीवरच बसायचा. मी पुढे लगाम धरायचो, आपला कुंदन मागून गर्दी आवरायचा. मग कडोदऱ्याच्या हायवेवर अपघातात तो गेला. त्यानंतर एका लग्नात मी घोडी घेऊन उभा राहिलो. दुसऱ्याच्या पोराला हात देऊन वर चढवलं आणि त्याचा हात सोडायलाच विसरलो, तेव्हा त्या पोरानंच मला विचारलं, नाना, बरं वाटत नाही का? आणि लोकांचंही बघ. सगळे भेटायला आले, रडले. फक्त तारीख विचारायला येईनासे झाले. ज्या घरातला तरणा पोरगा गेला त्या घरची घोडी आपल्या मुलाला नको, असं त्यांना वाटलं तर त्यांना तरी काय दोष द्यायचा? सापुताऱ्याचा मगन तिला मागत होता. फिरायला आलेल्या लोकांना तो घोड्यावरून दऱ्यांमध्ये फिरवून आणतो. तिथे लग्न नाही, बँड नाही, फटाके नाहीत. म्हटलं, चार झाडं बघेल, डोंगरात मोकळी फिरेल.

तर मागच्या आठवड्यात मगनचा फोन आला. म्हणाला, काका, तुमची घोडी बिघडली. संध्याकाळी तो माणसांना तळ्यापासून निघून कड्याच्या वाटेनं नेतो, सूर्य बुडताना दाखवतो आणि खालच्या दरीतून परत आणतो. त्या वाटेवर एका ठिकाणी गुलछडी खिळा ठोकल्यासारखी उभी राहते. ओढा, चुचकारा, डोळ्यांवर फडकं बांधा, हलत नाही. बसलेली माणसं घाबरतात, मागचे घोडे अडतात, लोक भांडतात. एकदा तर पूर्ण अंधार पडेपर्यंत ती तशीच उभी होती. वीटभट्टीवाला मागतोय, देऊन टाकू का, असं विचारत होता. मी म्हटलं, मी येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पिशवीत धोतर टाकून निघालो, तर शेजारच्या प्रमिलाबाई दारातच उभ्या. कुठे निघालो ते विचारलं, कथा चालनात नाना? म्हटलं, घोडीले भेटाले. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मला गुळाचा खडा आणून दिला. तुझीही चौकशी केली. रोज करतात.

गुलछडीनं मला ओळखलं. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर कागद खराब होईल. मगन म्हणाला, तुम्ही स्वतःच तिच्यावर बसून चला, म्हणजे समजेल. आता गंमत ऐक. उभा जन्म मी घोडीच्या तोंडापुढे चाललो, पण पाठीवर कधी बसलो नाही. दुसऱ्यांना बसवायचं हाच आपला धंदा. मगननं माझ्या डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं आणि लगाम कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचे, घोडं घाबरलं तर ओरडायचं नाही, हे सगळं मला शिकवलं. मी गरीब विद्यार्थ्यासारखा मान डोलावत होतो. आमच्याबरोबर वराछ्याचं एक जोडपं होतं आणि त्या बाईच्या दोन बहिणी. मगन पुढे, मी मधे, ते मागे, अशी आमची वरात निघाली. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

पण खरं सांगतो, वर बसल्यावर मी बघतच राहिलो. खालून घोडीचा फक्त घाम दिसतो आणि रस्त्यातले खड्डे. वरून केवढं दिसतं. कड्याच्या खाली सागाचं जंगल पसरलेलं, पानं तांबूस व्हायला लागलेली. उतारावर खुरासणीची पिवळी शेतं. त्याच्या खाली दुसरी दरी, तिच्या पलीकडे तिसरी, आणि प्रत्येकीत थोडा थोडा धूर साठलेला. कुणाच्या तरी चुली पेटल्या होत्या. ऊन तिरपं होऊन गुलछडीच्या मानेवर पडलं तेव्हा तिची पांढरी आयाळ हळदीची दिसायला लागली. मला कुंदनचं आठवलं. पाऊस संपला की ज्योतीला सापुताऱ्याला नेतो, घोड्यावरून दऱ्या दाखवतो, असं त्यानं तुला सांगितलं होतं. घोडी घरात असताना सापुताऱ्याला कशाला, म्हणून मीच त्याची टर उडवली होती. आणि तो पावसाळा संपायच्या आतच तो गेला. जे तुम्ही दोघांनी बघायचं ते म्हातारा एकटा बघत होता. मला ते फार लागलं ग. हेल्मेटची काच खाली ओढून घेतली, म्हणजे मागच्या बायांना दिसायला नको.

वाट वळली आणि गुलछडी थांबली. मगननं मागे वळून हात हलवला, बघा, हीच ती जागा. मी टाच मारली नाही, लगाम ओढला नाही, फक्त इकडेतिकडे पाहिलं. वाटेच्या कडेला उंबराखाली शेंदूर लावलेला मारुती होता. वर पत्र्याचं छप्पर, पुढे दोन पायऱ्या. बस्स. मला सगळं कळलं. तुला आठवत असेल, कुंदननं तिला काय शिकवलं होतं ते. परण्याला, लग्नाआधीच्या मिरवणुकीत, नवरदेव घोडीवरून मारुतीच्या देवळापर्यंत येतो, उतरतो, पाया पडायला आत जातो. बाहेर फटाके, बँड, नाचणारी पोरं. दुसऱ्यांच्या घोड्या तेवढ्यात बिथरायच्या, पळायच्या. कुंदननं महिनाभर रोज तिला आपल्या मारुतीपाशी नेलं. स्वतः उतरायचा, आत जायचा, तिला बाहेर उभी ठेवायचा. मी लगाम धरलेला असला तरी आत जाण्याआधी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचा, थांब, ई राहिना तो. येतोय तो, थांब. बाहेर आला की गूळ-चणे. तेव्हापासून मारुती दिसला की ती थांबते, आणि गेलेला माणूस परत येऊन पाठीवर बसेपर्यंत जागची हलत नाही. मगनच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी उतरून देवापुढे जातच नव्हतं. ती बिचारी वाट बघत राहायची, अजून कुणी आत कसं गेलं नाही म्हणून.

तुमच्या लग्नात तो आत गेला आणि कॅमेऱ्यावाल्यानं त्याला धरून ठेवलं. किती वेळ झाला तरी येईना. तेव्हा या घोडीबाईनं देवळाच्या पडवीत तोंड घालून अशी काही हाक मारली की पुजारी हातातली घंटा टाकून पळाला. तू गच्चीवरून बघत होतीस आणि तोंडावर शालू धरून हसत होतीस. मी खालून पाहिलं होतं, पण कधी बोललो नाही. नवऱ्याच्या बापानं कुठे लगाम धरायचा असतो का, म्हणून लोक माझ्यावर हसत होते, आणि मला मात्र वाटत होतं, ही पोरगी हसणारी आहे, आपल्या घराचं चांगलं होणार.

मी उतरलो. हेल्मेट काढून मारुतीपुढे उभा राहिलो. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. मागे वळून पाहिलं तर गुलछडी कान टवकारून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या पाठीमागे सूर्य दरीत उतरत होता. ज्योती, जो आत जातो तो बाहेर येतो, एवढंच त्या जनावराला ठाऊक आहे. कुंदननं तिला तेवढंच शिकवलं. मी तिथे रडलो. घरात तुझ्यासमोर कधी रडलो नाही, रुग्णालयात नाही, घाटावर नाही, तिथे रडलो. वराछ्याच्या बाईनं हळूच काय झालं ते विचारलं, काका, शुं थयुं? मगननं तिला गप्प राहायला खुणावलं. मी बाहेर आलो. घोडीनं माझ्या खिशात नाक खुपसलं, गूळ खाल्ला, आणि मी वर बसलो तशी आपणहून चालायला लागली. खालच्या दरीतून परत आलो तेव्हा डोंगरावर थोडा उजेड राहिला होता. आता मगन प्रत्येकाला त्या मारुतीपाशी उतरवतो, दर्शन घेऊन परत बसवतो. लोकांना ते आवडतं, म्हणतात यात्रा झाली. वीटभट्टीवाल्याला त्यानं नाही सांगितलं.

येताना बसमध्ये तुझाच विचार करत होतो. कुंदन गेल्यावर तू दोन वर्षं इथे राहिलीस, साड्यांना स्टोन चिकटवलेस, माझ्या भाकरी केल्यास, आणि संध्याकाळी कामावरून यायची त्याची वेळ झाली की काहीतरी निमित्त काढून दाराशी जायचीस. मला दिसत होतं. मीही तुझ्या मागे बसून त्याच दाराकडे बघत होतो. आईच्या आजारपणामुळे तू माहेरी पारोळ्याला गेलीस म्हणून ते थांबलं, नाहीतर आपण दोघं अजून तसेच बसलो असतो. बाबुराव फोनवर म्हणाले, धुळ्याचा वाल्मिक चांगला माणूस आहे, पाण्याच्या मोटारी वाइंड करायचं दुकान आहे, बायको आजारानं गेली, मूल नाही, ज्योतीलाही माणूस आवडलाय. पण ती म्हणते, नाना एकटे पडतील, मला नको. हे ऐकून मला काय वाटलं ते सांगतो, खोटं बोलत नाही. आधी बरं वाटलं. म्हणूनच 'विचार करून सांगतो' म्हणालो. आता विचार झाला. अंधार पडेपर्यंत उभ्या राहिलेल्या घोडीचं मी ऐकून आलोय, तुला तशी उभी ठेवणार नाही. मी एकटा पडेन, हे खरंच आहे. तू नाही म्हणालीस तरी ते खरंच राहणार. प्रमिलाबाई आहेत, शिळी भाजी आहे, टीव्ही आहे. माझं चालेल, तू हो म्हण.

आणि एक गोष्ट बाबुरावांनी अडखळत सांगितली. वाल्मिकच्या काकांचं म्हणणं, दुसरेपणाचं लग्न आहे, पाट लावायचा तो रात्री, चार माणसांत, घोडी नको, वाजंत्री नको. मी काल वाल्मिकला फोन लावला. विचारलं, घोडीवर बसता येतं का? म्हणाला, लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत पडलो होतो. म्हटलं, ही पाडत नाही. तर म्हणाला, नाना, तुम्ही लगाम धरणार असाल तर बसतो. माणूस मला पसंत आहे. तर हे पत्र कशासाठी ते आता ऐक. लग्न गोरज मुहूर्ताला होईल, उजेड असतानाच, सगळ्या गावादेखत. मगन पिकअपमधून गुलछडीला पारोळ्याला घेऊन येतोय. तू स्टोन लावलेली तिची झूल मी पेटीतून काढली, गळलेले स्टोन चिकटवले, थोडे वाकडे बसलेत, हसू नकोस. नाही, हस. मुलीच्या बापानं नवरदेवाची घोडी धरायची नसते, असं पुन्हा कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. वाल्मिक मारुतीच्या देवळात जाईल तेव्हा मी बाहेर दाराकडे बघत उभा राहीन, आणि गुलछडीच्या कानाशी तोंड नेऊन कुंदन म्हणायचा तेच म्हणेन, थांब, ई राहिना तो.

तुझाच,
नाना