जळलेल्या कापराचं वजन

॥ श्री ॥
बीड, माघ शुद्ध ५, शके १८४९

तीर्थरूप बाबांच्या चरणी बालक राधाकिशनचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. खोली मिळाली. मागे आड आहे, चूलही नीट पेटते. भाकरी मात्र मला अजून जमत नाही. शाळा सुटली की सगळे आपापल्या घरी जातात आणि मी उगाच बिंदुसरा नदीच्या काठानं हिंडत राहतो. फार एकटं वाटतं.

सध्या रसायन शिकवतो आहे. शिकवायचं उर्दूत, तसा सरकारी हुकूमच आहे. पण पोरांना उमगतं मराठीतच. कोळशाचा एक कण आणि प्राणवायूचे दोन, जळून त्यांचा नवा वायू होतो, असं फळ्यावर मांडलं. डावीकडे जितके कण तितकेच उजवीकडे भरले पाहिजेत. एका पठ्ठ्याला ते जुळेना, तर त्यानं जास्तीचा कण सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि जुळलं म्हणाला! त्याला सांगितलं, आहे ते पुसता येत नाही, कुठंतरी मांडावंच लागतं. जिन्नस जळला तरी नाहीसा होत नाही, त्याचं वजन तेवढंच राहतं.

घरात सर्वांना हे वाचून दाखवावे. आपली माया आहे तशीच राहावी, ही विनंती.

आज्ञाधारक
राधाकिशन


॥ श्री ॥
तलवाडा, माघ शुद्ध १२

चि. राधाकिशन यास अनेक उत्तम आशीर्वाद, उपरि विशेष.

पत्र पोचलं. तब्येत दोन ओळी आणि कोळसा पानभर! घरात सर्वांना वाचून दाखवा म्हणतोस. तुझी आई गेल्यापासून घरात सर्व म्हणजे मी आणि तुझी बायको. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं, सूनबाई माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होती. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आपल्याकडची चाल, म्हणून तिनं तात्याबा गड्याच्या बायकोला पुढं केलं. तुळजाबाई येऊन म्हणाली की रतनबाई पुसतात, कापूर जळला की मागं राखबी राहत न्हाई, मग वजन कावून राहील? सवाल मलाही पटला.

काल तर सूनबाईनं पिठाचा गोळा तागडीत तोलला आणि भाजल्यावर भाकरीही तोलली. भाकरी हलकी भरली. मला गार भाकरी खावी लागली ती तुझ्या रसायनापायी.

हरभरा बरा आहे, गाय व्यायली. जिवाला जपावे, हा आशीर्वाद.

बद्रीनाथ


॥ श्री ॥
बीड, माघ वद्य ४

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

दाराआडच्या सवालानं माझी फजिती केली. वर्गात कापूर उघड्यावर जाळला, पारडं वर गेलं, पोरं खो खो हसली. मग धोंडीराम सोनाराचा काटा मागून आणला. अत्तराच्या कुपीत कापराचा कण आणि आगकाडीचं गूल घातलं, बुचावर लाख लावली, कुपी तोलली आणि भिंगानं आत ऊन धरलं. भडका उडाला, कुपी काळी पडली. निवल्यावर पुन्हा तोलली, तर काटा जागचा हलला नाही! धूर, वायू सगळं आतच कोंडलेलं, वजन जाईल कुठं? भाकरीतून वाफ गेली. ती कोंडून धरता आली असती तर तोल बरोबर भरला असता.

एवढा आनंद झाला आणि सांगायला कोणी नव्हतं. खोलीवर आलो, चूल पेटवली नाही.

हे जरा सावकाश वाचावे. आणखी सवाल असतील तर कळवावेत, कितीही चालतील. लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नये.

राधाकिशन


॥ श्री ॥
तलवाडा, फाल्गुन शुद्ध २

चि. राधाकिशन यास अनेक आशीर्वाद.

पत्र सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी दाराआडून हुंदका आला. कापरापायी कोणी रडत नाही, एवढं रसायन मलाही कळतं. तुझ्या पत्रांत मागणं एकच आहे, आणि बाप एकटा पडेल म्हणून नेमकं तेच तू लिहीत नाहीस. शहाणाच आहेस!

आज सकाळी सूनबाईला गाडीत बसवून दिलं. तात्याबा आणि तुळजाबाई सोबत आहेत, गेवराईला मुक्काम करतील. हे पत्र पोचेल तोवर ती तुझ्या चुलीपाशी असेल. जायला तयार नव्हती. पदर सावरून पहिल्यांदाच माझ्यासमोर आली आणि तुमच्या भाकरीचं कोण बघंल म्हणून विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुळजाबाई परत आली की ती थापील, एवढंच बोललो.

गाडी गेली आणि घर फार हलकं झालं. संध्याकाळी तुझी पत्रं काढून वाचायला बसलो, पण दाराआड कोणी नव्हतं, म्हणून मनातल्या मनातच वाचली. तुझा नियम खरा असेल तर इथून जेवढं गेलं तेवढं तिथं भरायला हवं. भरलं का, ते तेवढं कळव. मी मोठ्यानंच वाचीन.

तुम्हा दोघांस आशीर्वाद.

बद्रीनाथ