भुंगे उन्हाने मेले नाहीत

आई,

तुला नमस्कार. मी बरी आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझे गुडघे कसे आहेत? एकटी असलीस तरी वेळेवर जेवतेस ना?

इथल्या काचघरात टोमॅटोसाठी भुंग्यांच्या पेट्या असतात. त्या मी सांभाळते. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो, त्या थरथरीने पराग झडतो आणि फळ धरतं. भुंग्यांची पिल्लंही त्याच परागावर वाढतात. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.

औषध फवारायच्या आदल्या संध्याकाळी भुंगे आत परतले की पेट्या बंद करून बाहेर न्यायच्या असतात. सोमवारी माझी सुट्टी होती आणि साहेबांनी भर दुपारी फवारून घेतलं. मंगळवारी मी मेलेले भुंगे झाडूने गोळा केले. आता फुलं वाळून गळताहेत.

साहेब म्हणाले, "नोंदवहीत उन्हाने मेले असं लिही आणि सही कर. किडेच तर होते."

मी म्हटलं, "मग आता फुलांपाशी तुम्हीच गुणगुणा. मी सही करणार नाही."

आजूबाजूचे सगळे कामगार हसले. मला हसू आलं नाही.

बाबा गेले तेव्हा याच माणसाने मला रजा नाकारली होती. "तू गेलीस तर भुंगे मरतील," म्हणाला होता. मी मान खाली घालून पेट्या तपासत राहिले.

आता मला अडवायला एकही भुंगा उरलेला नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. शनिवारी निघते आहे. बाबांचं कपाट उघडू नकोस, आपण दोघी मिळून उघडू.

तुझी,
धाकटी