पांघरुणातले खून

१ डिसेंबर
संकल्प. एक, यंदाचं सुट्टीचं पुस्तक वेळेत संपवायचं. दोन, खुनी तिच्याआधी ओळखायचा. तीन, ती बोलत असताना पुस्तकातून मान वर काढायची. निदान प्रकरण संपल्यावर तरी.
बायको अजून तिच्या ताईकडेच आहे. थोडे दिवस जाते म्हणाली होती. तेव्हा घरात पंखे चालू होते, आता मी स्वेटर घालून बसलोय. पण थोडे दिवस म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्यावर असतं. बहिणी भेटल्या की वेळ जातोच.

३ डिसेंबर
पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर बर्फ, उजेडाची खिडकी आणि खिडकीत मांजर. मांजर असलं की समजायचं, खून होणार पण रक्त फारसं सांडणार नाही. मला खरं तर थ्रिलर लागतात. पाणबुडी, बॉम्ब, उलटी मोजणी. ही असली पुस्तकं तिची आवड. ती त्यांना 'पांघरुणातले खून' म्हणते. बाहेर थंडी, आत पांघरूण, आणि पुस्तकात कोणीतरी श्रीमंत आणि खडूस मेलेलं. तिच्या मते सुट्टीचं याहून मोठं सुख नाही.
आमचा नियम जुना आहे. वर्षअखेरच्या सुट्टीत एकच पुस्तक, त्यात दोन खुणा. सकाळी मी वाचायचं, दुपारी तिने. शेवटच्या प्रकरणाला रबरबँड, म्हणजे कोणी चोरून बघायला नको. दोघंही रबरबँडपर्यंत पोचलो की आपापला खुनी सांगायचा, आणि मग शेवटचं प्रकरण तिने मोठ्याने वाचायचं. हरेल त्याने सुट्टीभर चहा करायचा. आजवर चहा मीच करत आलोय. त्याचं कारण एवढंच की माझा चहा चांगला होतो.
रबरबँड आजच लावून टाकला.

७ डिसेंबर, ऑफिस, जेवणाची सुट्टी
विमा कंपनीत क्लेम तपासणं हे माझं काम. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. ऑफिसात मला 'जासूस' म्हणतात, अर्थात कौतुकाने. आज एका म्हाताऱ्याचा सायकलचोरीचा क्लेम आला. त्याच्या डोळ्यांत पाहताच ओळखलं की सायकल त्यानेच लपवलीय. तसा शेरा मारला. जेवणाआधी पोलीस स्टेशनचा फोन आला, चोर सापडला, सायकलसकट. साहेब म्हणाले की हल्ली तुमचं लक्ष कुठे असतं.
लक्ष अगदी जागेवर आहे. मी सध्या जास्त मोठ्या तपासात गुंतलोय, ते साहेबांना कसं कळणार.
ती परत येणार याचे पुरावे असे. तिची करडी लोकरीची शाल खुंटीवर आहे. तिचा कप, कानाचा टवका उडालेला, फडताळात आहे. आणि कायमची जाणारी बाई जाताना फ्रिज पुसून जात नाही. केस मजबूत आहे.

९ डिसेंबर
नवा, भक्कम पुरावा! पुस्तकांच्या दुकानात शाई घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, अहो, तुम्हीही हेच पुस्तक नेलंत आणि वहिनींनीही नेलं की मागच्या आठवड्यात.
मी काहीच न दाखवता म्हणालो, अस्सं.
उघड आहे. तिने ते माझ्यासाठी घेतलंय. सुट्टीची भेट. बिचारीला काय माहीत की मी आधीच आणलंय. आता तिने दिलं की चेहरा चकित कसा करायचा, याचा आरशासमोर सराव केला. पहिल्या दोन वेळा दात दुखत असल्यासारखा दिसला.

१२ डिसेंबर
साडू येऊन गेले. म्हणजे तिच्या ताईचे यजमान. अगदी साधा माणूस, थापा मारता येत नाहीत. खिशातून टेप काढून हॉलमधलं पुस्तकांचं कपाट मोजलं. उंची, रुंदी, मागचे स्क्रूसुद्धा पाहिले. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, सहज. आणि मान खाली घालून चहाही न घेता गेले.
सहज कोणी स्क्रू बघत नाही. नवीन, मोठं कपाट करून घेताहेत! पुस्तकाच्या जोडीला कपाट. एवढा खर्च कशाला करायचा, असं मी म्हणणार. पण फार ताणणार नाही.

१६ डिसेंबर
तिचा फोन! मोठी बॅग माळ्यावर आहे का, विचारत होती. आहे म्हटलं. (सामान घेऊन यायला मोठी बॅग लागणारच.) मग म्हणाली, सत्तावीस तारखेला घरी असशील ना? मी म्हणालो, असणार म्हणजे काय, मी कुठे जातोय!
 ती म्हणाली की मी तुला सगळं उन्हाळ्यातच सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर, अगदी सरळ शब्दांत. आणि तू 'हं' म्हणालास.
उन्हाळ्यात मी पाणबुडीचं पुस्तक वाचत होतो. बॉम्ब फुटायला शेवटची काही मिनिटं उरलेली. त्या वेळी म्हटलेल्या 'हं'ला काही अर्थ धरायचा नसतो. कुठल्याही क्लेममध्ये असला 'हं' मी ग्राह्य धरला नसता.
सत्तावीस! संकल्प तीन आजपासून काटेकोरपणे.

२० डिसेंबर
पुस्तक रंगलंय. बर्फात अडकलेलं गेस्टहाऊस, सुट्टीला आलेले पाहुणे, आणि मालकीणबाई कोठीच्या खोलीत जॅमच्या बरण्यांखाली मेलेल्या. संशयित चार. डॉक्टर, भाची, माळी आणि मालकीणबाईंचा नवरा. नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी यादीतून काढलं. फार सज्जन. सगळ्यांना चहा देतो, शेकोटीत लाकडं घालतो आणि सारखं म्हणत असतो, सगळं ठीक आहे. अशा माणसावर संशय घेणं म्हणजे हद्द झाली. डॉक्टरच. त्याचे बूट कोरडे होते.
दुपारची खूण पहिल्या पानावरच पडून आहे. ती आली की भराभर वाचेल. तिचा वेग जबरदस्त.

२४ डिसेंबर
घर चकाचक केलं. तिची शाल धुतली. मशीनमध्ये. गरम पाण्यात. आटली. अगदीच रुमाल म्हणता येणार नाही, एवढंच समाधान. ओढून बघितली, खुर्चीला बांधून बघितली, वर वजन म्हणून दोन थ्रिलर ठेवले. तशीच राहिली.
शालीला अजून तिचा वास येत होता. धुतल्यावर नाही येत. हे आधी सुचायला हवं होतं.


२६ डिसेंबर
रबरबँडपर्यंत पोचलो. डॉक्टर, शंभर टक्के. शेवटचं प्रकरण कसं वाचायचं तेही ठरवलंय. पांघरूण सोफ्यावर घडी करून ठेवलंय. तिची बाजू खिडकीकडची. बिस्किटं आणली, तिच्या आवडीची, खारी नव्हे, गोड.

२७ डिसेंबर, सकाळ
टेम्पोचा आवाज. आली! कपाट असणार टेम्पोत.

२७ डिसेंबर, संध्याकाळ
टेम्पो रिकामा होता.
क्रमाने लिहितो. ती आणि साडू आले. तिने केस बारीक कापलेत. मी म्हणालो, छान दिसतात, कधी कापलेस? ती म्हणाली, उन्हाळ्यात. इथेच असताना.
साडूंनी स्क्रू ड्रायव्हर मागितला. मी आणून दिला. मग ते कपाट सोडवायला बसले. आमचं, जुनं. ते तिच्या वडिलांनी दिलेलं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. तिने जमिनीवर बसून पुस्तकांचे दोन ढीग केले. तिचे पांघरुणातले खून एकीकडे, माझ्या पाणबुड्या दुसरीकडे. एकदाही चुकली नाही. मी मध्ये उभा होतो. साडू म्हणाले, जरा सरका भाऊ. त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. मला त्यांचीच दया आली.
टेबलावर यंदाचं पुस्तक होतं, रबरबँड लावलेलं. तिने ते पाहिलं आणि हातातलं काम थांबवून खुर्चीच्या कडेवर टेकली. म्हणाली, हे मी वाचलं.
चकित चेहरा आपोआप झाला. सराव लागला नाही.
मी विचारलं, शेवटचंसुद्धा? ती म्हणाली, हो. सगळं. ताईकडे, दुपारी, पांघरूण घेऊन. मी विचारलं, मग मोठ्याने कोणासाठी वाचलंस? म्हणाली, मनातल्या मनात वाचलं. तसंही वाचता येतं.
मी म्हणालो, नियमाप्रमाणे मला नाव सांगायचंय. ती म्हणाली, सांग.
डॉक्टर म्हणायचं ठरलेलं होतं. बूट, वेळ, खिडकी, सगळं जुळवून ठेवलं होतं. तिच्या बारीक केसांकडे बघत होतो आणि तोंडातून निघालं, नवरा.
तिने विचारलं, का? मी म्हणालो, कोणी विचारत नसताना तो सारखं सांगतो, सगळं ठीक आहे. आणि बाई कधीपासून दिसत नाहीत, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळतं.
 साडूंनी स्क्रू फिरवायचं थांबवलं. बरोबर का, मी विचारलं. ती म्हणाली, वाच. आधी सांगायचं नसतं.
निघताना तिने शाल मागितली. मी दिली. एवढीशी शाल उलगडून ती हसली, पूर्वी हसायची तशी, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला वाटलं, आता टाकून देईल. तिने नीट घडी घातली आणि मोठ्या बॅगेत ठेवली. कप मात्र राहू दे म्हणाली. जिना उतरताना म्हणाली, जेवत जा वेळेवर.
ती परत येणार नाही. हे लिहून बघितलं. लिहिल्यावरही तसंच आहे.

२८ डिसेंबर
कपाटाच्या जागी भिंतीचा जुना रंग दिसतो, चांगला होता.
सकाळी रबरबँड काढला. खिडकीकडची बाजू सोडून बसलो आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. तिच्यासारखे आवाज मला काढता येत नाहीत, सगळी माणसं माझ्यासारखीच बोलत होती. मधे दोनदा थांबावं लागलं.
खुनी नवराच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं बरोबर आलं, आणि ते तिला कालच माहीत होतं.
म्हणजे मी जिंकलो. नियमाप्रमाणे आता सुट्टीभर तिने चहा करायचा.
थोडा वेळ बसून राहिलो. मग उठून मीच केला.